आधी फ्लिकर घालवला, मग मुद्दाम चालू केला

माझ्या जुन्या मॉनिटरने दिवसा मला कधीच त्रास दिला नाही. ऑफिसचं सगळं काम घरून, दिवसभर त्याच्यासमोरच. पण रात्री मागचं आवरून वेलोरंट हा नेमबाजीचा गेम उघडला की तासाभरात भुवयांच्या वर दाब यायला लागायचा. डोळे चुरचुरायचे. अंथरुणावर पडलं तरी मिटल्या डोळ्यांपुढे काहीतरी थरथरत राहायचं. डोळे तेच, खुर्ची तीच, स्क्रीनही तीच. मग रात्रीच असं काय होतं?

आईचं उत्तर तयार होतं. "किती येळ बसतलंस गो? डोळ्यांची वाट लागतली तुझ्या." आमच्या वाडीतल्या वायरमन काकांचं म्हणणं वेगळं: "रातीचा व्होल्टेज पडता. स्टॅबिलायझर लाव." व्होल्टेज पडतं हे खरंच आहे. वेंगुर्ल्यात आमच्या बाजूला संध्याकाळी सगळ्यांचे पंखे आणि पंप चालू झाले की आमच्या पंख्याची गती उतरते. पण मॉनिटरच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं होतं. असा अडॅप्टर आलेली वीज आधी डीसी करतो आणि ठरलेल्या व्होल्टेजलाच पुढे पाठवतो, त्यामुळे १९० आले काय नि २३० आले काय, स्क्रीनला फरक पडत नाही. तरी खात्री म्हणून मेन बंद करून मॉनिटर यूपीएसच्या बॅटरीवर चालवून पाहिला. दाब आलाच. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर तपासला, तो बदललेला नव्हता. डोळे कोरडे पडतात, पापण्या मिटत राहा, अधूनमधून लांब बघा, असं त्यांनी सांगितलं. सल्ला चांगला होता आणि मी तो आजही पाळते, पण दिवस आणि रात्र यांतला फरक त्यात सापडत नव्हता.

फरक होता ब्राइटनेसमध्ये. माझं टेबल माजघरात आहे आणि आई तिथेच झोपते. दिवसा पडवीकडून उजेड येतो म्हणून ब्राइटनेस पूर्ण, रात्री दिवा बंद करून १५ वर. हे लक्षात आल्यावर फोनचा कॅमेरा प्रो मोडला टाकला, शटर १/२००० केलं आणि मॉनिटरवर कोरं पांढरं पान उघडलं. ब्राइटनेस १०० असताना फोनमध्ये सपाट पांढरं दिसलं. ५० वर आडवे काळे पट्टे उमटले. १५ वर तर पांढऱ्यापेक्षा काळंच जास्त, मध्ये उजेडाच्या बारीक रेघा.

मग फोन बाजूला ठेवून बॉलपेनने तेच तपासलं. पेन बोटांत धरून पांढऱ्या स्क्रीनसमोर जोरात हलवायचं, एवढंच. पूर्ण ब्राइटनेसला पेनचा एक सलग करडा फराटा दिसतो. १५ वर फराटा नाहीच, सुटी सुटी पेनं दिसली, प्रत्येकाची कड स्वच्छ, अगदी टोपणाची क्लिपसुद्धा. ही चाचणी कोणीही घरी करावी. पैसे पडत नाहीत, आणि समोरची स्क्रीन लुकलुकते का (यालाच फ्लिकर म्हणतात), याचा पुरावा आपल्याच डोळ्यांनी मिळतो.

यामागचं कारण असं. एलसीडी स्क्रीन स्वतः उजळत नाही, तिच्या मागे एलईडीचा बॅकलाइट असतो. उजेड कमी करायचे मार्ग दोन. एक, एलईडीला जाणारा करंट कमी करायचा. याला डीसी डिमिंग म्हणतात. दुसरा, एलईडी पूर्ण ताकदीनेच लावायचा, पण सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायचा आणि चालू राहण्याचा काळ घटवायचा, हा पीडब्ल्यूएम. जुन्या मॉनिटरांत हा वेग बहुधा सेकंदाला २०० ते २४० वेळांच्या आसपास असायचा. ब्राइटनेस १०० म्हणजे बंद होणंच नाही. १५ म्हणजे प्रत्येक चक्रात बहुतेक वेळ अंधार. म्हणजे आईची झोप मोडू नये म्हणून मी जितका उजेड कमी करत होते, तितकी स्क्रीन जास्त लुकलुकत होती.

एवढ्या वेगाची लुकलुक एकटक बघताना कळत नाही. पण खेळताना नजर एकटक राहतच नाही. क्रॉसहेअरवरून, म्हणजे नेमाच्या फुलीवरून, मॅपवर, मॅपवरून दाराकडे, सारखी उडते. नजर उडत असताना उजेड चालू-बंद होत असेल तर एकाच वस्तूच्या अनेक प्रतिमा डोळ्याच्या पडद्यावर वेगवेगळ्या जागी पडतात. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या २०१५ सालच्या १७८९ क्रमांकाच्या शिफारशी एलईडी दिव्यांच्या याच प्रश्नाबद्दल आहेत. पूर्ण चालू-पूर्ण बंद होणारा उजेड सेकंदाला १,२५० वेळांच्या वर असेल तर धोका कमी धरावा आणि ३,००० च्या वर असेल तर परिणाम जाणवू नये, असा त्यांचा हिशेब आहे. माझा मॉनिटर त्याच्या आसपासही नव्हता. माझा धाकटा भाऊ त्याच स्क्रीनवर त्याच ब्राइटनेसला रात्र रात्र बसतो आणि त्याला काही होत नाही. हे माणसागणिक वेगळं असतं. म्हणून ज्याला त्रास होतो त्याला "तुझ्या मनाचे खेळ" असं कोणी म्हणू नये, हे मला मनापासून वाटतं.

उपाय लगेच करता आला. मॉनिटरचा ब्राइटनेस कायमचा १०० वर ठेवला आणि उजेड ग्राफिक्स ड्रायव्हरमधून आणि कॉन्ट्रास्ट उतरवून कमी केला. त्याने बॅकलाइट स्थिर राहतो, पांढरा रंग फक्त करडा होतो. काळा रंग मात्र फिका पडतो, अंधाऱ्या कोपऱ्यातला माणूस दिसायला अवघड जातो. मग मॉनिटरच्या मागे भिंतीकडे तोंड करून एक लहान एलईडी दिवा लावला, म्हणजे स्क्रीन तेवढी डोळ्यात घुसत नाही आणि आईच्या अंथरुणावरही उजेड येत नाही. तो दिवासुद्धा फोनने तपासला, तर त्यातही पट्टे! आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे आत नीट ड्रायव्हर (वीज सपाट करून देणारा भाग) नसलेला स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. घरातले सगळे बल्ब तपासले, दोन-तीन बदलले.

त्यानंतर देवळात धयकालो, म्हणजे दशावतारी नाटक, बघायला गेले तेव्हा रंगमंचावरच्या नव्या एलईडीखाली राक्षसाची फिरती तलवार मला सुट्या सुट्या तलवारींत दिसली. आजवर ती दशावतारी कलाकाराच्या हाताची करामत वाटायची. करामत आहेच, पण त्यात दिव्याचाही हात होता.

डोकं दुखायचं थांबलं. पण करड्या पांढऱ्यावर आणि फिक्या काळ्यावर किती दिवस खेळणार? नवा मॉनिटर घ्यायचं ठरलं. कुडाळच्या दुकानात मी फोन आणि पेन दोन्ही घेऊन गेले.

दुकानदार भला माणूस. "ताई, हा बघा, १ एमएस. याच्यापेक्षा फास्ट काय हवं?" खोक्यावर मोठ्या अक्षरांत १ एमएस, म्हणजे एक मिलिसेकंद, होतं, खाली बारीक अक्षरांत एमपीआरटी. शेजारच्या खोक्यावरही १ एमएस, पण त्याच्याखाली जीटीजी. आकडा एक असला तरी या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. जीटीजी म्हणजे पिक्सेलला एका करड्या छटेवरून दुसरीवर जायला लागणारा वेळ, आणि खोक्यावर तो बहुधा सगळ्यात अनुकूल मोजणीचा छापतात. एमपीआरटी म्हणजे एक चित्र डोळ्यापुढे किती वेळ टिकून राहतं तो काळ. १६५ हर्ट्झच्या मॉनिटरवर (म्हणजे रिफ्रेश रेट सेकंदाला १६५ चित्रांचा) एक चित्र सहा मिलिसेकंद राहतं, तर तो १ कसा होईल? बॅकलाइट मुद्दाम मधल्या वेळात बंद ठेवला तरच. म्हणजे जी लुकलुक टाळायला मी तिथे गेले होते, तीच चालू केल्यावर मिळणारा आकडा त्या खोक्यावर छापलेला होता.

मी त्यांना मॉनिटर लावायला सांगितला, ब्राइटनेस शून्यावर आणला आणि फोन धरला. शून्यावरही सपाट. "हे काय बघताय ताई?" असं विचारत ते जवळ आले. पट्टे म्हणजे काय ते मी शेजारच्या स्क्रीनवर दाखवल्यावर त्यांनी स्वतःचा फोन काढला आणि दुकानातल्या सगळ्या स्क्रीन एकेक करून तपासल्या. डोळ्यांची काळजी घेणारा म्हणून स्टिकर लावलेल्या एकावर पट्टे निघाले. त्यांनी तो स्टिकर परत वाचला आणि मला म्हणाले, गिऱ्हाइकाला आता हे दाखवूनच विकीन. मी फ्लिकर-फ्री, आयपीएस जातीच्या पॅनेलचा १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेतला.

घरी आणून जोडला तर विंडोजने त्याला ६० हर्ट्झवरच चालवला. नवीन मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वर खेळणारी माणसं मला माहीत आहेत. डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन १६५ निवडल्याशिवाय दिलेले पैसे स्क्रीनवर दिसत नाहीत.

आता दुसरा प्रश्न पुढे आला. लुकलुक नाही, डोळे शांत, पण नजर हलत्या वस्तूच्या मागे नेली की ती पुसट होते. ब्लर बस्टर्स या वेबसाइटची यूएफओ चाचणी लावली. त्यात एक लहान यान सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने सरकतं आणि आपण नजरेने त्याचा पाठलाग करायचा. ६० हर्ट्झवर यानातला माणूस ओळखू येत नाही, एक हिरवट डाग सरकतो. १६५ वर डोकं आणि धड वेगळं दिसतं, डोळे नाही.

हा दोष पिक्सेलच्या संथपणाचा आहे असं बहुतेकांना वाटतं. तो थोडा असतोही, पण खरं कारण नजरेत आहे. डोळा सलग सरकतो. स्क्रीनवरचं चित्र मात्र एका जागी थांबतं आणि मग टुणकन पुढच्या जागी जातं. ६० हर्ट्झवर ते प्रत्येक जागी १६.७ मिलिसेकंद थांबतं. तेवढ्या वेळात डोळा १६ पिक्सेल पुढे गेलेला असतो, म्हणून थांबलेलं चित्र डोळ्याच्या पडद्यावर १६ पिक्सेल फासलं जातं. १२० वर ८ पिक्सेल, १६५ वर साधारण ६. पिक्सेल क्षणात बदलणारे असते तरी हा फास (फासल्याचा डाग) राहिलाच असता. हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: सेकंदाला १,००० पिक्सेल वेग असेल तर चित्र जितके मिलिसेकंद टिकतं तितके पिक्सेल फासतं.

आमच्या शाळेच्या लॅबमध्ये जाड पाठीचे सीआरटी मॉनिटर होते. ६० हर्ट्झवर ते डोळ्यांना उघड लुकलुकायचे, पण त्यांवर सरकणारी अक्षरं वाचता यायची. सीआरटीत इलेक्ट्रॉनांचा झोत एका ठिकाणावरून गेला की तिथला फॉस्फर मिलिसेकंद-दोन मिलिसेकंद चमकतो आणि विझतो. पुढचं चित्र येईपर्यंत तिथे अंधार. डोळा सरकतो तेव्हा फासायला चित्र समोर नसतंच. हलतं चित्र स्वच्छ दिसायचं ते त्या लुकलुकण्यामुळेच, हे कळलं तेव्हा मला गंमत वाटली नाही, थोडी चिडच आली. दोन्ही हवं होतं मला.

आधी पिक्सेलच्या वेगाचं बघितलं. मॉनिटरच्या मेनूत ओव्हरड्राइव्हच्या तीन पायऱ्या होत्या. त्यात पिक्सेलला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजचा धक्का देऊन लवकर बदलायला लावतात. सगळ्यात वरच्या पायरीवर यानामागे उजळ पांढरी कडा उमटली. धक्का जास्त झाल्याने पिक्सेल मुक्कामाच्या पुढे जाऊन परत येत होता. सगळ्यात खालच्या पायरीवर शेपूट. मधली ठेवली. या सेटिंगला याहून जास्त वेळ देण्यात अर्थ नाही.

मग स्ट्रोब. या सोयीला प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते, एनव्हिडियाचं यूएलएमबी, बेनक्यूचं डायॲक, पण काम एकच: पिक्सेल बदलत असताना बॅकलाइट बंद, बदलून झाले की क्षणभर चालू. मी रिफ्रेश रेट १६५ वरून १२० वर उतरवून ते चालू केलं. कमी वेगावर दोन चित्रांमध्ये पिक्सेलना स्थिरावायला जास्त वेळ मिळतो, म्हणून स्ट्रोब तिथे जास्त स्वच्छ लागतो. यानातल्या माणसाचे डोळे दिसले. गेममध्ये पळता पळता भिंतीवरची अक्षरं वाचता आली, आणि वळताना कोपऱ्यातल्या माणसाची बंदूक कोणती हे वळण संपायच्या आत कळलं. मी ते कितीतरी वेळ नुसती वळून वळून बघत बसले होते.

त्याची किंमतही लगेच दिसली. उजेड निम्म्याच्या खाली गेला. स्क्रीनच्या खालच्या भागात प्रत्येक वस्तूला एक फिकी जुळी प्रतिमा, कारण पॅनेल वरून खाली बदलत जातं आणि बॅकलाइट पेटतो तेव्हा खालच्या ओळी अजून बदलत असतात. गेमचे फ्रेम (ग्राफिक्स कार्ड सेकंदाला बनवतं ती चित्रं) १२० च्या खाली आले की अजून वाईट. फ्रेम ६० आणि स्ट्रोब १२० असेल तर एकच चित्र दोनदा चमकतं आणि पाठलाग करणाऱ्या डोळ्याला दोन प्रती दिसतात. म्हणून फ्रेम १२० वर बांधून ठेवाव्या लागतात आणि ग्राफिक्स उतरवावे लागतात. आणि फोनमध्ये? तेच जाड काळे पट्टे, जुन्या मॉनिटरसारखे. तासाभरात भुवयांवर दाबही तोच. तेव्हापासून माझी पद्धत ठरली: एक-दोन रँक्ड मॅच स्ट्रोबवर, बाकी सगळं १६५ वर स्थिर उजेडात. मॉनिटरच्या मागच्या एका बटणावर ते लावून ठेवलंय.

जुना मॉनिटर भावाकडे गेला आणि त्याला तिसऱ्याच जातीचा फ्लिकर भेटला. पीडब्ल्यूएम त्याला जाणवत नाही, पण गेम लोड होताना आणि अंधाऱ्या रस्त्यावर गाडी चालवताना सगळी स्क्रीन धडधडायची. हा फ्रीसिंकचा परिणाम. फ्रीसिंक किंवा जी-सिंक चालू असताना मॉनिटर गेमच्या फ्रेमच्या तालावर रिफ्रेश होतो. त्याच्या मॉनिटरची खालची मर्यादा ४८ होती. फ्रेम ४७ झाले की प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवायची सोय आहे, म्हणजे रिफ्रेश एकदम ९४. पुन्हा ४९ झाले की ४९. रिफ्रेशचा वेग असा उड्या मारू लागला की त्याच्या व्हीए जातीच्या पॅनेलमधल्या पिक्सेलची छटा किंचित बदलते, आणि गडद करड्या रंगात ती लगेच दिसते. त्याच्या गेमची सावल्यांची क्वालिटी उतरवली, फ्रेम ५५ च्या खाली जाणार नाहीत असं केलं आणि वर ७० ची मर्यादा घातली. गाडी चालवताना धडधड थांबली. लोडिंगला अजून थोडी होते, ती तो सोसतो.

पावसाळ्यात माझ्याकडे स्क्रीन सेकंदभर काळी होऊन परत यायला लागली तेव्हा वायरमन काका पुन्हा व्होल्टेजवर आले. मी रिफ्रेश ६० वर आणून पाहिला, तर संध्याकाळभर एकदाही नाही. १६५ वर पुन्हा सुरू. वीज कारण असती तर ६० ला सोडलं नसतं. डेटा जास्त जातो तेव्हाच तुटतंय, म्हणजे केबल. डिस्प्लेपोर्टचा प्लग काढून टॉर्चच्या उजेडात पाहिला तर कडेच्या धातूवर हिरवट पूड. समुद्र आमच्या घरापासून लांब नाही. खारी दमट हवा कड्या-कोयंड्यांना सोडत नाही तशी प्लगांनाही सोडत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर काही काळ चाललं, मग आखूड आणि बऱ्या प्रतीची केबल घेतली. आता पाऊस सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर मी सगळे प्लग काढून पुसते.

चतुर्थीला पुण्याचा मावसभाऊ २४० हर्ट्झचा ओएलईडी लॅपटॉप घेऊन आला. आरत्या झाल्यावर दोन्ही स्क्रीन शेजारी ठेवून यान सोडलं. ओएलईडीत मागे बॅकलाइट नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो. तो जवळजवळ तत्क्षणी बदलतो, शेपूट नाही, कड धारदार; पण चित्र तिथेही थांबतंच, त्यामुळे फास ४ पिक्सेलचा. माझ्या १६५ पेक्षा बरा, पण माझ्या स्ट्रोबइतका स्वच्छ नाही. ब्राइटनेस उतरवून फोन धरला तर त्याच्याही स्क्रीनवर पट्टे. त्याला काही होत नाही म्हणाला, आणि माझ्या भावासारखंच ते खरंही असेल.

लुकलुक नाही आणि फासही नाही, असं दोन्ही एकत्र मिळायचा एकच रस्ता आहे: रिफ्रेश वाढवत नेणं. ४८० हर्ट्झचे ओएलईडी मॉनिटर २०२४ पासून मिळतात. त्यांवर त्याच यानाचा फास २ पिक्सेलवर येतो. १,००० हर्ट्झला स्ट्रोबशिवाय एक मिलिसेकंद. तेवढे फ्रेम काढायला ग्राफिक्स कार्डही तसं लागतं आणि माझं कार्ड १२० धरून ठेवतानाच पंखे जोरात फिरवतं. म्हणून पुढचे पैसे आधी कार्डावर जातील, मॉनिटरवर नाही.